वडिलांचा म्युझिक सेट आणि रोजचा फडका

प्रश्न: वडील गेल्यानंतर त्यांचा म्युझिक सेट मी माझ्या घरी आणला. टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि कपाटभर रेकॉर्ड्‌स. आमच्या घरात धूळ फार. मी रोज सकाळी सगळे फडक्याने पुसते, तरी दुसऱ्या दिवशी राखाडी थर दिसतोच. हल्ली आवाज कमी-जास्त करताना खरखर येते, रेकॉर्ड लावली की टकटक ऐकू येते, आणि परवा एका स्पीकरची जाळी काढून पुसताना आतल्या छोट्या घुमटाला पोचा आला. सासूबाई म्हणतात, प्लास्टिक घालून झाकून ठेव. मुलगा म्हणतो, व्हॅक्यूम क्लीनर लाव. वडिलांनी इतकी वर्षे जपलेला सेट माझ्या हातून खराब होतो आहे असे वाटते. नक्की काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातले ‘रोज सकाळी’ हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त खटकले. वापरात असलेल्या सेटचे धुळीने जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान धूळ काढण्याच्या खटपटीत होते. दबलेले ट्वीटर (स्पीकरमधले बारीक स्वर देणारे छोटे घुमट), वाकलेल्या सुया, बटणांवरची पुसट झालेली अक्षरे, चरे पडलेली झाकणे ही सगळी फडक्याची कामे. तुम्ही हयगय केली म्हणून काही बिघडलेले नाही. उलट तुम्ही गरजेपेक्षा जास्त पुसत आहात, आणि जिथे हात लावायचा नाही तिथे लावत आहात. तेवढे बदलले की बरेचसे प्रश्न सुटतील.

धूळ कुठे बसली आहे हे बघून मग ठरवायचे. जिथून गरम हवा बाहेर पडते तिथली धूळ घातक. जिथे दोन वस्तू एकमेकींवर घासतात तिथलीही घातक, म्हणजे सुई आणि रेकॉर्ड, कॅसेटची टेप आणि ती वाचणारे हेड, आवाजाच्या नॉबच्या आतली पट्टी. सीडी प्लेअरच्या लेन्ससमोरची धूळ त्रासदायक. बाकी पेटीच्या माथ्यावर, लाकडावर, जाळीवर दिसणारी धूळ डोळ्यांना खुपते, पण आवाजाला तिचे फारसे काही नसते. आठवड्याने पुसली तरी चालते. तुम्ही नेमकी हीच धूळ रोज पुसता, आणि खरी उपद्रवी धूळ मात्र तशीच राहते.

घरातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. कपड्यांचे, पडद्यांचे आणि अंथरुणांचे बारीक धागे, आपल्या त्वचेचे सुटलेले कण, केस, बाहेरून आलेली माती, परागकण, धुराची काजळी असे सगळे तिच्यात असते. त्यात स्वयंपाकघरातली तेलकट वाफ मिसळली की ती चिकट होते. कोरडी धूळ फुंकरीने उडते, चिकट धूळ ओलावा धरून बसते, आणि ओलावा धरलेली धूळ थोडीफार वीजही वाहून नेते. आता कोरडा फडका प्लास्टिकवर किंवा अ‍ॅक्रिलिकवर जोरात घासला की त्या पृष्ठभागावर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि हवेतले कण तो स्वतःकडे ओढून घेतो. सकाळी लखलखीत पुसलेल्या टर्नटेबलच्या झाकणावर संध्याकाळी पुन्हा धूळ दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून सुरुवात खोलीपासून करू या. सेट जमिनीवर ठेवला असेल तर आधी तो उचला. केर काढताना उडणारी धूळ जमिनीलगत सगळ्यात दाट असते. गुडघ्याच्या वर, शक्य असल्यास कमरेच्या उंचीवर सेट असावा. खिडकीच्या थेट समोर नको, स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको, आणि जिथे रोज अंथरुणे झटकली जातात त्या भिंतीला तर नकोच. कोरड्या झाडूने झाडले की बारीक धूळ हवेत चढते आणि बराच वेळ तरंगत राहते. त्या खोलीत तरी आधी ओल्या फडक्याने फरशी पुसण्याची सवय लावून घ्या. झाडायचेच असेल तर झाडल्यावर तासा-दोन तासांनी, धूळ खाली बसली की, मग सेट पुसा. सकाळी आधी सेट पुसून मग केर काढत असाल तर सगळी मेहनत वाया जाते. पंख्याच्या पात्यांवर साठलेली धूळही विसरू नका. पंखा सुरू झाला की ती खाली येते, आणि खाली तुमचा सेट असतो.

खोलीत फवारायच्या गोष्टींबद्दलही सांगतो, कारण याकडे कुणाचे लक्ष जात नाही. सुगंधी स्प्रे, डास मारायचे फवारे, फर्निचरला चमक आणणारी पॉलिशे यांचे सूक्ष्म थेंब सगळीकडे बसतात आणि त्यांचा चिकट पातळ थर धूळ धरून ठेवतो. सेट असलेल्या खोलीत हे काही फवारू नका. लाकडी स्पीकरला पॉलिश करायचे असेल तर ते दुसऱ्या खोलीत कापडावर घ्यायचे, कापड जरा सुकू द्यायचे, आणि मगच लाकडावरून फिरवायचे. स्पीकरच्या पुढच्या बाजूला तर तेही नको.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. झाकायला हवे, पण प्लास्टिकने नको. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. त्यातून धातूच्या जोडांवर गंज धरतो, रेकॉर्डच्या कागदी वेष्टनांना बुरशी लागते. घट्ट विणीचे, धुवून मऊ झालेले, लव न सुटणारे सुती कापड घ्या. टॉवेलसारखे फुलारलेले कापड नको, त्याचे धागे सुटून आत जातात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तो पूर्ण गार झाल्यावरच कापड घालायचे, आणि चालू करण्याआधी ते काढून बाजूला ठेवायचे. नुसते मागे सरकवून ठेवले तर कधीतरी ते झरोक्यांवर घसरते. काढतानाही झटकन ओढू नका. वरची धूळ आत राहील अशी चारही टोके मध्ये घेऊन ते उचला आणि बाहेर नेऊन झटका. आठवड्याने धुवा. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नका, त्याचा अंश कापडात राहतो आणि तो पुढे लाकडावर आणि झाकणावर उतरतो.

एका प्रसंगी मात्र प्लास्टिकच हवे. घरात भिंत फोडणे, छिद्रे पाडणे, पॉलिशपेपरने घासणे, रंगकाम असे काही निघाले, तर सेट शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवा. हलवता येत नसेल तर सगळ्या वायरी काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कडा चिकटपट्टीने बंद करा. सिमेंट आणि गिलाव्याची धूळ खरबरीत असते, घासणाऱ्या भागांची ती वाट लावते. लोखंडाचा कीस तर स्पीकरमधल्या चुंबकाकडे ओढला जातो, आणि एकदा आत अडकला की तो बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. काम संपले, खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाली, की मगच ते वेष्टन काढा.

आता अ‍ॅम्प्लिफायर. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या, कारण इथे धूळ थेट यंत्राचे आयुष्य कमी करते. अ‍ॅम्प्लिफायर काम करताना तापतो. ती उष्णता धातूच्या पातळ पात्यांमधून आणि पेटीच्या झरोक्यांमधून बाहेर जाते. त्या पात्यांवर धुळीचा थर बसला की भर उन्हात अंगावर गोधडी घेऊन काम करण्यासारखी त्याची अवस्था होते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागांना, उष्णता सोसत नाही. त्यांच्याबद्दल कारागिरांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. जुन्या सेटमध्ये हे कपॅसिटर आधीच वयस्कर असतात. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या माथ्यावर टर्नटेबल, कॅसेटचे डबे, फोटोची चौकट असे काहीही ठेवू नका. वर निदान १० सेंटिमीटर आणि बाजूंनाही थोडी मोकळी जागा हवी. बंद कपाटात असेल तर चालू असताना दार उघडे ठेवा. अर्ध्या तासाच्या ऐकण्यानंतर पेटीवर हात ठेवून बघा. कोमट ते गरम असणे ठीक. हात ठेववत नसेल, किंवा सेट मध्येच आपोआप बंद पडत असेल, तर आत धूळ कोंडली असण्याची बरीच शक्यता आहे.

झरोके साफ करायला रंगकामाचा नवा, मऊ, रुंद ब्रश पुरेसा आहे. प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. ब्रश हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला ओढा, आत ढकलू नका. मुलाच्या व्हॅक्यूम क्लीनरचा उपयोग इथे होऊ शकतो, पण एका हातात ब्रश धरून आणि दुसऱ्या हातातली नळी वीतभर लांब ठेवून. ब्रशने सुटलेली धूळ तिने उचलावी, एवढेच तिचे काम. नळीचे प्लास्टिकचे तोंड यंत्राला टेकवायचे नाही. वेगाने जाणाऱ्या हवेमुळे त्या तोंडावर स्थिर विद्युतभार साठतो, आणि त्याची एखादी ठिणगी आतल्या नाजूक भागांना पुरेशी असते. हवेचे डबे मिळतात, त्यांच्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. डबा उभाच धरायचा. तिरका केला की आतला द्रव तसाच बाहेर येतो, आणि तो अतिशय थंड असतो. अनेक डब्यांमधला वायू ज्वलनशील असतो, म्हणून चालू किंवा तापलेल्या यंत्रावर तो मारू नका. मागे छोटा पंखा असेल तर त्याची पाती काडीने अडवून मग फुंका, नाहीतर हवेच्या जोराने तो भरमसाट वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. मला विचाराल तर कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा सगळ्यात उत्तम. तो दाबला की फुसकन हवा येते, ना द्रव, ना धोका. एकच घ्या आणि सेटजवळ ठेवून द्या.

पेटी उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका, मुलालाही पडू देऊ नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांमध्ये काही काळ वीज साठून राहते. व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर, चालणारा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आत शेकडो व्होल्ट असतात, आणि ते जिवावर बेतू शकते. आतली धूळ जाणकार कारागिराकडून दर काही वर्षांनी काढून घ्यावी.

मागचे प्लग आणि जमिनीवर पडलेली एक्स्टेन्शनची पट्टी यांच्याकडेही बघा. प्लगच्या पिनांभोवती धूळ साठून त्यात ओलावा शिरला, तर पिनांमधून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो, प्लास्टिक हळूहळू करपते आणि पुढे आग लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दोन-तीन महिन्यांतून एकदा मुख्य स्विच बंद करून प्लग काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट बसवा. सगळ्या सफाईत हे एकच काम असे आहे, की जे सेटसाठी नाही, घरासाठी करायचे आहे.

स्पीकरकडे येऊ. पोचा आलेला घुमट म्हणजे ट्वीटर, वरचे बारीक स्वर देणारा. तो कापडी असेल तर त्यावर बहुधा जरासा चिकट लेप असतो, आणि त्यावर धूळ दिसते. दिसू द्या. ती पुसायला गेलात तर लेप निघतो किंवा घुमट दबतो. धातूचा असेल तर एकदा पडलेला पोचा सहसा पूर्ण निघत नाही. चिकटपट्टी लावून ओढणे, व्हॅक्यूमने खेचणे, सुईने टोचून वर आणणे असे बरेच उपाय लोक सांगतात. यातला एकही करू नका. घुमट फाटला तर ट्वीटर गेला. त्याऐवजी ओळखीचे एखादे गाणे लावा, अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे (दोन्हीकडे एकच आवाज देणारे) बटण असेल तर ते दाबा, आणि बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून दोन्ही स्पीकर ऐका. तालवाद्यांचा झणत्कार, ‘स’ आणि ‘श’ची धार दोन्हीकडे सारखीच येत असेल, तर जाळी बसवा आणि तो पोचा विसरून जा. फरक स्पष्ट जाणवत असेल, तर ट्वीटर बदलता येतो.

मोठ्या वूफरच्या, म्हणजे खालचे जाड स्वर देणाऱ्या भागाच्या, मध्यभागी जी टोपी असते, ती आतल्या तारेच्या गुंडाळीभोवतीच्या फटीत धूळ जाऊ नये म्हणूनच बसवलेली असते. ती फट अगदी बारीक असते. त्यामुळे ती टोपी शाबूत असेपर्यंत वूफरला बाहेरच्या धुळीचे भय फारसे नाही. तिथे व्हॅक्यूम लावला तर मात्र टोपी खेचली जाऊन चुरगळते, कागदी कोन फाटतो. वूफरवरची धूळ अगदी मऊ ब्रशने, जसा चेहऱ्यावर पावडर लावायचा असतो तसल्या ब्रशने, मधून कडेकडे वर्षातून दोनदा झटकली तरी खूप झाले. पाणी नाही, साबण नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जाळी कायम बसवलेली ठेवणे. जाळीवरची धूळ कपड्यांवरचे केस काढायच्या चिकट रुळाने निघते, मात्र जाळी आधी काढून टेबलावर ठेवा आणि मगच रूळ फिरवा. वायरी काढताना-लावताना चुंबकाजवळ लोखंडी पेचकस नेऊ नका. उघड्या ट्वीटरसमोर तर तो हातातून सुटून थेट घुमटावर जाऊन आदळू शकतो.

एक गोष्ट मुद्दाम तपासा. वूफरच्या कडेला काळ्या स्पंजासारखी गोल पट्टी असेल आणि स्पीकरच्या खाली काळसर चुरा पडत असेल, तर तो धुळीचा भाग समजून पुसत राहू नका. तो फोम वयामुळे कुजतो, साधारण १० ते २० वर्षांत. बोट लावले की तुकडे पडतात. अशा स्थितीत मोठ्या आवाजात वाजवले तर गुंडाळी वाकडी होऊन घासते आणि वूफर जातो. नवी पट्टी बसवून घेता येते, आणि वडिलांचेच स्पीकर पुढे अनेक वर्षे चालतात.

आता टर्नटेबल आणि रेकॉर्ड्‌स. इथे धूळ खरोखर ऐकू येते, त्यामुळे इथे वेळ घालवणे योग्य आहे. एलपीची, म्हणजे विनाइल प्लास्टिकच्या नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डची, खाच साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गोल टोकाच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या असते १५ ते १८ मायक्रॉन. धुळीचे कण याच मापाचे असतात, म्हणून ते खाचेत नेमके बसतात. सुईवर वजन जेमतेम दीड-दोन ग्रॅमचे, पण ते इतक्या छोट्या टोकावर एकवटते की दाब प्रचंड होतो. सुई कणावरून गेली की टक् असा आवाज येतो. कण टणक असेल तर तो खाचेच्या भिंतीत रुततो किंवा ओरखडा काढतो, आणि मग ती टकटक कायमची होते. म्हणून रेकॉर्ड साफ न करता वाजवायची नाही हा नियम पाळा. बाकीच्या सेटवर घालवता तो वेळ इथे घाला.

कार्बन फायबरचा ब्रश मिळतो, तो घ्या. रेकॉर्ड फिरू द्या, ब्रश केसांच्या टोकांनी हलकेच टेकवा, एक-दोन फेरे होऊ द्या, मग हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवत उचला. दाबायचे नाही. दाबले की धूळ खाचेत खोल जाते. ते तंतू वीज वाहणारे असतात, त्यामुळे रेकॉर्डवरचा विद्युतभारही काही प्रमाणात कमी होतो. विनाइल घर्षणाने फार पटकन भारित होते, म्हणूनच कोरडे मखमली कापड घेऊन रेकॉर्ड गोल गोल पुसण्याची जुनी सवय मला पसंत नाही. धूळ निघते कमी, नवी ओढली जाते जास्त. कपाटातून काढताना आणि ठेवताना बोटे फक्त कडेला आणि मधल्या लेबलवर. बोटांचा तेलकटपणा खाचेत गेला की धूळ त्याला चिकटून बसते आणि मग ब्रशला दाद देत नाही.

बरीच वर्षे पडून असलेल्या रेकॉर्ड्‌स एकदा धुवाव्याच लागतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात बिनवासाच्या सौम्य साबणाचे अगदी मोजके थेंब घाला. नळाचे पाणी नको, ते सुकल्यावर त्यातले क्षार खाचेत उरतात. लेबल कोरडे ठेवा. मऊ, बारीक केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलाकारच फिरवा. आडवे घासू नका. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण पूर्ण काढून टाका, आणि रेकॉर्ड उभी ठेवून सावलीत सुकू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको, विनाइल वाकते. धुतलेली रेकॉर्ड जुन्याच कागदी वेष्टनात घातली तर जुनी धूळ परत लागते. आतली वेष्टने नवी घ्या, प्लास्टिकचे अस्तर असलेली. पेटीत त्या उभ्याच ठेवायच्या, एकमेकींवर आडव्या रचायच्या नाहीत. वडिलांच्या संग्रहात जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्यांना अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना वेगळी, जाड सुईही लागते. एलपीची सुई त्यांच्यावर लावू नये.

सुईच्या टोकाला राखाडी लव दिसत असेल, तर आवाज दबलेला आणि फाटका येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली करा. लहानसा, आखूड केसांचा ब्रश घ्या. मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या) बुडाकडून समोरच्या बाजूला, सुईखालून हलकेच ओढा. रेकॉर्डही सुईखालून त्याच दिशेने जाते, म्हणून सुईची बारीक दांडी हे सोसते. पुढून मागे किंवा आडवे कधीच नाही, ती दांडी मोडते. बोटाने लव उचलणे तर अजिबात नाही. प्रत्येक बाजू वाजवून झाल्यावर एकदा असे केले की सुईवर काही साठतच नाही.

टर्नटेबलच्या अ‍ॅक्रिलिक झाकणावर काचेचे स्प्रे वापरू नका. त्यातल्या अमोनियाने आणि अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. किंचित ओलसर, घट्ट पिळलेले मायक्रोफायबर कापड पुरते. रेकॉर्ड काढून झाली की झाकण लगेच खाली.

कॅसेट डेकमध्ये जी तपकिरी भुकटी साठते, ती बहुतेक घरातली धूळ नसते, टेपवरचाच चुंबकीय लेप झडून ती तयार होते. हेडवर ती बसली की आवाजातले बारीक स्वर आधी नाहीसे होतात. कानातल्या काडीला जास्तीत जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि टेप पुढे ढकलणारी धातूची कांडी पुसा, काडी काळी येणे थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावले तर रबर सुकते, तिथे जरा ओलसर काडी बरी.

सीडीचे फार मनावर घेऊ नका. माहिती असलेल्या थरावर १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लास्टिक असते, त्यामुळे वरची किरकोळ धूळ लेसरला स्पष्ट दिसतच नाही. पुसायचीच तर मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल पुसताना चरा पडला तर तो माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि यंत्राला ती तूट भरून काढता येत नाही. आडवा चरा मात्र यंत्र सहज भरून काढते. प्लेअर डिस्क ओळखेनासा झाला, तर लेन्सवर त्या रबरी फुग्याने दोन-तीनदा हवा मारा. कापूस लावू नका, ती लेन्स अगदी नाजूक तारांवर तोललेली असते.

राहिली नॉबची खरखर. आवाजाच्या नॉबच्या आत एक वर्तुळाकार पट्टी असते आणि तिच्यावर छोटा स्पर्शक सरकतो. त्या दोघांमध्ये धूळ आणि काजळी आली, की फिरवताना संपर्क तुटतो आणि जुळतो, तीच ही खरखर. आधी बिनखर्चाचा उपाय. प्लग काढून ठेवा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग २०-३० वेळा फिरवा. बॅलन्स, बास, ट्रेबल यांचेही तसेच करा, आणि सिलेक्टरचे बटणही इकडून तिकडे फिरवून घ्या. कित्येकदा एवढ्यानेच आवाज स्वच्छ होतो. मग सेट चालू करताना आवाज अगदी खाली ठेवा आणि हळूहळू वाढवत दोन्ही बाजू तपासा. खरखर गेली नाही तर नॉबच्या बाजूने काहीही फवारू नका, विशेषतः गंजलेले स्क्रू सैल करायला वापरतात तो तेलकट स्प्रे नको. तो आतले मूळ ग्रीस धुऊन टाकतो आणि नंतर स्वतःच धूळ धरतो.

कारागिराकडे द्याल तेव्हा ‘व्हॉल्यूम कंट्रोलसाठीच असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि पेटी उघडली आहे तर आतली धूळही काढा’ असे स्पष्ट सांगा. स्पीकरच्या फोमची आणि ट्वीटरची शंका असेल तर तेही त्याच फेरीत दाखवून घ्या. आणि आणखी एक सांगून ठेवा: साफ केल्यावर खरखर थोड्याच दिवसांत परत आली, तर नॉबला दोष न देता त्याच्या अलीकडचे कपॅसिटर तपासायला लावा. जुना कपॅसिटर गळू लागला की नॉबवर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज येते, आणि मग पट्टी कितीही स्वच्छ असली तरी फिरवताना खरखर होतेच. तो भाग छोटा असतो आणि बदलता येतो. नॉब मात्र मूळचाच ठेवायला सांगा, जुन्या सेटला तंतोतंत जुळणारा नवा नॉब सहज सापडत नाही.